घरातले कासव चालायचे का थांबते?

ससा आणि कासवाच्या शर्यतीची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. त्या गोष्टीमुळे कासव म्हणजे मंद, सुस्त, एका जागी बसून राहणारा प्राणी अशी आपली पक्की समजूत झालेली आहे. म्हणूनच घरातल्या प्लॅस्टिकच्या टबात कासव दिवसचे दिवस हलले नाही तरी कोणाला काही वाटत नाही. "कासवच ते, हळूच चालणार!" असे म्हणून विषय संपतो. परंतु वाचक बंधूभगिनींनो, ही समजूत चुकीची आहे. निरोगी कासव पोहते, चढते, उन्हाला येऊन मान लांब करून बसते, माणसाची चाहूल लागताच झटकन पाण्यात उडी घेते. जे कासव हलत नाही ते शांत नसते, ते बहुधा आजारी असते. आणि हा आजार बहुतेक वेळा बाहेरून आलेला नसतो. आपण त्याला जसे ठेवतो त्यातूनच तो निर्माण होतो.

सामाजिक कामाच्या निमित्ताने आम्हाला चाळीत, झोपडपट्टीत आणि पुनर्वसनाच्या नव्या इमारतींत घरोघरी जावे लागते. हल्ली अनेक घरांत टीव्हीच्या शेजारी किंवा मोरीच्या कट्ट्यावर एक लहानसा टब दिसतो. त्यात चार बोटे पाणी, थोडे रंगीत खडे, एक प्लॅस्टिकचे झाड आणि एक हिरवे कासव असते. मुलाने हट्ट केला म्हणून आणलेले. एका घरी असेच कासव मागचे दोन्ही पाय ओढत चालताना आम्ही पाहिले. त्याची पाठ बोटाने दाबली तर दबत होती. घरची माऊली रोज न चुकता त्याला भात घालीत असे, पाणीही बदलीत असे. मायेत काही कमी नव्हती, कमी होती ती माहितीची. ती माहिती सर्वांपर्यंत जावी म्हणून हा लेख.

आधी ओळखा, कोणते कासव?

आपण सर्वांनाच 'कासव' म्हणतो. पण त्यांच्यात मोठे फरक आहेत. टबात दिसणारे हिरवे कासव बहुधा 'रेड इअर्ड स्लायडर' असते. डोळ्यामागे लाल पट्टा ही त्याची खूण. वयाबरोबर तो फिका होऊ शकतो. हे कासव मूळचे आपल्या देशातले नव्हे. अमेरिकेच्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले ते आहे. त्याच्या बोटांना पडदे असतात, कारण ते पाण्यात राहणारे आहे.

दुसरे आहे तारा कासव. उंच घुमटासारखी पाठ आणि तिच्यावर पिवळ्या रेषांच्या चांदण्या. पाय हत्तीसारखे खांबी. हे कोरड्या माळरानावरचे कासव आहे. त्याला पोहता येत नाही, खोल पाण्यात ठेवले तर ते बुडून मरते. हे कासव आपल्या देशातले असून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली त्याला संरक्षण आहे. २०२२ सालच्या दुरुस्तीने त्याचा समावेश पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत केला गेला. असे कासव विकणे, विकत घेणे किंवा घरी बाळगणे हा गुन्हा असून त्याला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. नदी-तळ्यातल्या मऊ पाठीच्या कासवांनाही कायद्याचे संरक्षण आहे. तेव्हा गावाकडून येताना ओढ्यातले कासव पिशवीत घालून आणण्याचा मोह कोणीही करू नये.

अशा कासवांचा चोरटा व्यापार चालतो त्याच्या मुळाशी अंधश्रद्धा आहे. घरात कासव असले की लक्ष्मी येते, अमुक नखांचे कासव मिळाले की पैशांचा पाऊस पडतो, असे सांगून भोंदू लोक गरिबांची आयुष्यभराची पुंजी लुटतात. कासवाच्या पायाला किती नखे असावीत हे त्याच्या जातीवरून ठरते, त्याचा नोटांशी काय संबंध? पैशांच्या पावसाच्या नावाने फसविले गेलेल्या माणसाने लाजून गप्प बसू नये. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, त्याचा आधार घेऊन पोलीस ठाणे गाठावे.

कोणाच्या घरी तारा कासव असलेच तर ते लपवू नये आणि परस्पर कोठे सोडूही नये. महाराष्ट्राच्या वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक आहे. तेथे कळवून कासव त्यांच्या स्वाधीन करावे. यापुढे लिहिलेले आहे ते लाल पट्ट्याच्या पाण्यातील कासवाविषयी, जे घरात आधीच आलेले आहे आणि ज्याची जबाबदारी आपल्यावर पडलेली आहे.

पाठ म्हणजे डबा नव्हे

कासवाची पाठ म्हणजे त्याने अंगावर घेतलेला डबा अशी लहान मुलांची कल्पना असते. प्रत्यक्षात त्याचा पाठीचा कणा आणि बरगड्या त्या कवचाला आतून जोडलेल्या असतात. म्हणजे कवच हा त्याच्या हाडांच्या सांगाड्याचाच भाग आहे. कवच मऊ पडले याचा अर्थ सर्व हाडे मऊ पडली. मग पायांची हाडे शरीराचे वजन उचलू शकत नाहीत, पोट जमिनीला घासते, मागचे पाय ओढले जातात आणि एक दिवस चालणेच थांबते.

आपल्या लहान मुलांना मुडदूस होतो तोच हा प्रकार. हाडांना कॅल्शियम लागते आणि ते अंगी लागण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते. हे जीवनसत्त्व कासवाच्या कातडीत सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे तयार होते. टीव्हीशेजारच्या टबात ऊन नाही आणि भातात पुरेसे कॅल्शियम नाही. मग हाडे टणक राहणार कशी?

ऊन

म्हणून पहिली गरज उन्हाची. रोज सकाळी साधारण आठ ते दहाच्या दरम्यान अर्धा-पाऊण तास थेट ऊन मिळावे. खिडकीच्या बंद काचेतून आलेले ऊन उपयोगाचे नाही. काचेतून ऊब येते, परंतु हवे ते किरण अडतात. साध्या बल्बचेही तसेच. ज्या घराला ऊनच नाही तेथे अतिनील किरणांचा खास दिवा लावावा लागतो आणि त्याचा जोर कमी होत असल्याने सहा महिने ते वर्षभरात तो बदलावा लागतो. हा खर्च झेपणार असेल तरच तो मार्ग.

उन्हात ठेवताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे. अर्ध्या भागावर सावली हवीच. कासवाला आपल्यासारखा घाम येत नाही. त्याचे शरीर भोवतालच्या हवा-पाण्याप्रमाणे तापते व थंड होते. उथळ टब भर उन्हात ठेवून घरचे माणूस रांगेत किंवा कामावर गेले तर पाणी तापून कासव थोड्या वेळात मरू शकते. टबावर जाळी ठेवावी, कारण घार, कावळा आणि मांजर टपलेले असतात. गॅलरीत मोकळे सोडू नये. गजांमधून खाली पडून पाठ फुटलेले कासव बरे करणे फार अवघड असते.

पाणी आणि कोरडी जागा

चार बोटे पाण्यात कासव पोहू शकत नाही, आणि जे पोहत नाही त्याचे पाय दुबळे होतात. पाण्याची खोली त्याच्या पाठीच्या लांबीच्या किमान दीडपट असावी. उलटे झाले तर त्याला पाण्यात सहज सुलटे होता आले पाहिजे. सर्वसाधारण हिशेब असा आहे की पाठीच्या दर इंचामागे सुमारे ३८ लिटर पाणी असावे. चार इंचांच्या कासवाला दीडशे लिटरच्या आसपास. हा आकडा ऐकून पुष्कळांना धक्का बसेल, पण तो माहीत असलेला बरा.

काचेची महागडी टाकी पाहिजेच असे नाही. ज्यात रसायन ठेवलेले नव्हते असे निळे प्लॅस्टिकचे पिंप आडवे कापून, त्याच्या कडा घासून चांगली टाकी होते. फक्त शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, हे ध्यानात ठेवून ती पोटमाळ्यावर किंवा फळीवर न ठेवता जमिनीवर ठेवावी.

टाकीत पाण्याबाहेर पूर्ण कोरडे होता येईल अशी जागा हवी. दोन विटांवर मंगलोरी कौल तिरके टेकवले की उत्तम चढण होते. कौल खरखरीत असल्याने पाय घसरत नाहीत. गुळगुळीत प्लॅस्टिकवर पाय सारखे फाकतात आणि कासव चढायचा प्रयत्नच सोडून देते. कोरडे होता आले नाही तर कवचावर बुरशी येते, ते कुजू लागते. रंगीत खडे मात्र काढून टाकावेत, कासव ते गिळते.

नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवून मग वापरावे म्हणजे त्यातील क्लोरीन कमी होते. जेवण शक्य तर वेगळ्या बादलीत घालावे, म्हणजे मोठ्या टाकीतले पाणी लवकर सडत नाही. ज्या वस्तीत पाणी तासभरच येते तेथे ही युक्ती फार उपयोगी पडते. काढलेले पाणी फुलझाडांना घालावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबीर-पुदिन्याला घालू नये. नाशिक, पुणे, नागपूरकडे थंडीत पाणी २० अंशांच्या खाली गेले की कासवाचे खाणे आणि हालचाल दोन्ही मंदावते. रात्री टाकी घरात घ्यावी.

आहार

भात, पोळी, पाव, बिस्किट, दूध हे कासवाचे अन्न नव्हे. नुसता सुका जवळा किंवा डबीतले वाळवलेले किडे रोज घालणेही पुरेसे नाही. लहान कासवाला मासे, गांडुळे अशा मांसाहाराची गरज अधिक असते. वय वाढेल तसा पाला वाढवावा, आणि मोठ्या कासवाच्या खाण्यात निम्म्याहून अधिक भाग पाल्याचा असावा. काटेकवचासह खाता येतील असे लहान ताजे मासे चांगले. खारवलेली मासळी वर्ज्य. पाल्यात शेवग्याचा पाला, जास्वंदीची पाने, थोडी कोथिंबीर चालते. पालक रोज देऊ नये, त्यातील घटकामुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. आठवड्यातून दोनदा किसलेले गाजर किंवा लाल भोपळा द्यावा. त्यातून अ जीवनसत्त्व मिळते. ते कमी पडले की पापण्या सुजतात, डोळे उघडत नाहीत, आणि दिसत नसल्याने कासव खाणेच सोडते. बाजारातले कासवाचे तयार खाद्य मिळाले तर त्याची जोड द्यावी.

कॅल्शियमसाठी एक स्वस्त उपाय आहे. काष्ठौषधीच्या दुकानात आणि पक्ष्यांचे खाद्य विकणाऱ्यांकडे समुद्रफेण मिळते. हे माकुळाच्या जातीच्या प्राण्याच्या अंगातले पांढरे कवच होय. त्याचा तुकडा टाकीत टाकून ठेवावा, कासव गरजेप्रमाणे कुरतडते. लहान कासवाला रोज व मोठ्याला एक दिवसाआड खाऊ घालावे. अतिखाण्यानेही कासव जड होऊन चालेनासे होते.

चालणे थांबले तर

हाडांचा मऊपणा हे मुख्य कारण असले तरी एकमेव नाही. पाय लुळा दिसला तर प्रथम त्याला केस, दोरा किंवा पतंगाचा मांजा गुंडाळला आहे का ते पाहावे. रात्री उंदीर-घुशी पाय कुरतडतात, ती जखम शोधावी. मोठी मादी नर नसतानाही अंडी घालते. मऊ माती-वाळूची जागा मिळाली नाही तर अंडी पोटात अडकतात आणि तिचे मागचे पाय ओढल्यासारखे होतात. कासव पाण्यात एका बाजूला कलून तरंगत असेल, नाकातून बुडबुडे येत असतील, तोंड उघडून श्वास घेत असेल तर छातीचा आजार समजावा. यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नये.

घरगुती उपचार काय करू नयेत तेही सांगतो. पाठीला तेल, हळद, रंग किंवा नखपॉलिश लावू नये. नखे कापू नयेत. नराची पुढची नखे लांब असणे हे नैसर्गिक आहे. माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्या आणि जीवनसत्त्वाचे थेंब अंदाजाने देऊ नयेत. अ जीवनसत्त्व जास्त झाले तरी कातडी सोलून निघते. पाठीवरचे पातळ पारदर्शक पापुद्रे निघणे मात्र आजार नव्हे, ती त्याची वाढ आहे.

कासवाला पाण्यातून न नेता कोरड्या खोक्यात ओलसर फडक्यावर ठेवून पशुवैद्याकडे न्यावे. मुंबईत परळचे जनावरांचे रुग्णालय, ज्याला आपले कामगार पिढ्यान्‌पिढ्या बैलघोडा हॉस्पिटल म्हणत आले, ते सर्वांना ठाऊक आहे. अन्य ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी आणि कासवांवर उपचार करणारे डॉक्टर कोण, हे विचारून घ्यावे. एक्सरेवरून हाडांची स्थिती कळते. मऊ पडलेली हाडे पुन्हा टणक व्हायला महिनेच्या महिने लागतात, आणि वाकलेले कवच पूर्ण सरळ होत नाही. पण वेळीच ऊन आणि आहार सुधारला तर पायांत बळ येते.

आम्ही कारकुनी पेशातले. म्हणून एक सूचना करतो. घरातल्या शाळकरी मुलाला एक वही करून द्यावी. महिन्याच्या पहिल्या रविवारी कासवाचे वजन, पाठीची लांबी आणि चार ओळी लिहाव्यात. खाल्ले काय, उन्हाला बसले का, चढण चढले का? कासवाचा आजार हळू येतो आणि रोज पाहणाऱ्या डोळ्यांना तो दिसत नाही. वहीत तो दिसतो. डॉक्टरलाही अशा नोंदीचा मोठा उपयोग होतो. वजनाचा काटा मात्र स्वयंपाकाचा नसावा.

मुलांचे आरोग्य

काटा वेगळा हवा याचे कारण आहे. अगदी ठणठणीत कासवाच्या अंगावर आणि पाण्यात 'साल्मोनेला' नावाचे जंतू असू शकतात. त्यांच्यामुळे माणसाला ताप, जुलाब, उलट्या होतात. लहान मुलांच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकते. याच कारणासाठी अमेरिकेत १९७५ सालापासून चार इंचांहून लहान कासवे पाळण्यासाठी विकण्यास बंदी आहे, कारण तेवढी कासवे मुले तोंडात घालतात. म्हणून कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. त्याची टाकी भांडी घासण्याच्या जागी धुवू नये. एकाच मोरीत सर्व करावे लागत असेल तर नंतर मोरी ब्लीचिंग पावडरने स्वच्छ करावी. घरात पाच वर्षांखालील मूल, गरोदर स्त्री किंवा अशक्त वृद्ध असेल तर कासव न आणणेच शहाणपणाचे.

आणण्यापूर्वी हिशेब

दुकानात दोन इंचांचे दिसणारे हे कासव मादी असेल तर दहा ते बारा इंचांपर्यंत वाढते. नीट सांभाळले तर ते वीस-तीस वर्षे जगते. आठ वर्षांच्या मुलासाठी आणलेले कासव त्या मुलाच्या लग्नातही घरात असणार! दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहतात, तेथे एवढ्या टाकीला जागा कोठून आणणार? हा प्रश्न दुकानदार विचारत नाही, आपणच विचारला पाहिजे.

जागा पुरेनाशी झाली की पुष्कळ लोक कासव जवळच्या तलावात सोडून देतात आणि आपण त्याला मुक्त केले असे समजतात. हे सर्वांत वाईट. हे परदेशी कासव आपल्या तलावातल्या कासवांचे अन्न आणि उन्हाला बसण्याची जागा बळकावते. जगातल्या सर्वांत घातक शंभर उपऱ्या जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे. युरोपीय देशांनी १९९७ सालीच त्याची आयात थांबविली. तेव्हा सांभाळणे शक्य नसेल तर पशुवैद्याला, प्राणिमित्र संस्थेला किंवा वनविभागाला विचारून त्याची सोय लावावी. परदेशी प्राणी पाळण्याविषयीचे नोंदणीचे नियम काय आहेत याचीही चौकशी वनविभागाकडेच करावी.

ज्यांच्या घरी कासव आधीच आहे त्यांनी या रविवारी एवढे करावे. टब टीव्हीजवळून हलवून सकाळच्या उन्हाला न्यावा, त्यात एक कौल टेकवावे, भात बंद करावा आणि समुद्रफेणाचा तुकडा आणावा. मागचे पाय ओढत असतील तर थेट डॉक्टरकडे जावे. आणि ज्यांच्या घरी कासव नाही, पण मूल हट्ट करून बसले आहे, त्यांनी त्याला एखाद्या रविवारी तलावाकाठी न्यावे. तिथले कासव दगडावर चढताना आणि चाहूल लागताच पाण्यात झेपावताना त्याला दाखवावे. निरोगी कासव कसे असते ते त्याला तिथे दिसेल, आणि टबातल्या कासवात काय कमी आहे तेही त्याचे त्यालाच कळेल.